ब्लॅकहीथचं नाव प्लेगच्या प्रेतांवरून पडलेलं नाही

लंडनच्या आग्नेयेकडचं उपनगर ब्लॅकहीथ. 'ब्लॅक डेथ' या चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या साथीत मेलेल्यांना इथल्या माळावर पुरलं म्हणून हे नाव, आणि म्हणूनच तिथे कुणी घरं बांधत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. नावातला 'ब्लॅक' आणि मधोमध पसरलेला मोकळा माळ पाहिला की हे पटतंही.

आता तारखा शेजारी ठेवा. ब्लॅक डेथ इंग्लंडमध्ये आली 1348 मध्ये. पण 'ब्लाचेहेडफेल्ड' हे ब्लॅकहीथचं जुनं रूप 1166 च्या नोंदीत आहे, म्हणजे साथीच्या 182 वर्षं आधी. 1665 चा लंडनचा प्लेग तर त्याहून कितीतरी नंतरचा. 'हीथ' म्हणजे खुरट्या झुडपांचं माळरान. त्याचा रंग काळपट, एवढाच मूळ अर्थ. कुठल्याही गावाच्या नावाची कथा अशीच तपासावी: इंग्रजी स्थलनामांच्या कोशात सर्वांत जुनी नोंद पाहायची आणि ती घटनेच्या आधीची की नंतरची, हे मोजायचं.

मग माळावर जे खड्डे होते, ते प्रेतं पुरण्याचे नव्हेत का? नाही, ते खडी-वाळू काढण्याचे. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बने पडलेल्या घरांचा राडारोडा टाकून बहुतेक बुजवले, म्हणून माळ आज इतका सपाट दिसतो. ईशान्येकडचे 'व्हॅनब्रो पिट्स' हे खड्डे मात्र उरले आहेत, ते जाऊन पाहता येतात.

घरं नाहीत याचं कारण कायद्यात आहे. ही सामाईक जमीन 1871 च्या कायद्याने लोकांसाठी मोकळी राखली गेली. बांधकाम अशक्य मुळीच नव्हतं. ऑल सेंट्स चर्च 1850 च्या दशकात माळावरच उभं राहिलं.