रस्त्यावर राहणाऱ्या माणसासाठी निवारा, आधार आणि निराधार पेन्शन: कुठे जायचं, काय लागतं

रत्नागिरीचं एसटी स्टँड, मिरकरवाडा बंदर, बंद दुकानांच्या पायऱ्या. इथे झोपणारी माणसं आपल्याला तोंडओळखीने माहीत असतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा बोटीवरच राहणाऱ्या आणि गावी कुणी न उरलेल्या खलाशाला ऐन पावसात पाठ टेकायलाही जागा राहत नाही. अशा कुणाची कागदपत्रं करायला आपण निघालो, की पहिल्याच खिडकीवर प्रश्न येतो, "पत्ता काय?" बहुतेक जण तिथूनच मागे फिरतात. फिरू नका. पत्ता नसलेल्यासाठीही नियमांत वाट ठेवलेली आहे, फक्त कोणता कागद आधी करायचा याचा क्रम सांभाळावा लागतो.

सुरुवात निवाऱ्यापासून करा. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून (एनयुएलएम) शहरांत बेघर निवारे उभे राहिले. त्यांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवारा बारा महिने, चोवीस तास उघडा हवा आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागा हवी. ओळखपत्र नाही म्हणून कुणालाही दारातून परत पाठवता येत नाही. नगरपरिषदेत एनयुएलएम विभागात चौकशी करा. जागा नाही असं उत्तर मिळालं तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी बोलणं दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. आणि हे सगळं त्या माणसाला विचारूनच करा. त्याला यायचं नसेल तर ओढून नेऊ नका.

निवाऱ्यात नोंद झाली की आधारचा रस्ता मोकळा होतो. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र आधार नोंदणीला चालतं. निवारा नसेल तर तहसीलदार, राजपत्रित अधिकारी, आमदार किंवा नगरसेवक हे प्रमाणपत्र देऊ शकतात. ते तीन महिनेच वैध असतं, म्हणून हातात पडल्यावर लगेच केंद्र गाठा. पूर्वी आधार काढलं होतं का, हे आधी नीट विचारून घ्या. हरवलं असेल तर जुनंच शोधायचं, कारण दुसरी नोंदणी फेटाळली जाते. अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या नव्या नोंदणीची सरकारी पडताळणी होते, त्यामुळे वेळ लागतो.

इथे एक अडचण हमखास येते. वर्षानुवर्षं जाळी आणि दोर ओढलेल्या हातांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नसतात. मशीन पुन्हा पुन्हा "ठसा अस्पष्ट" दाखवतं आणि तो बिचारा बोटं सदऱ्याला पुसत उभा राहतो. अशा वेळी डोळ्यांच्या बुबुळांवरून नोंद घ्या, असा आग्रह धरा. ती सोय नियमातलीच आहे.

आधार येईपर्यंत बँकेत 'लहान खातं' उघडता येतं. बँक अधिकाऱ्यासमोर फोटो आणि सही किंवा अंगठा, एवढ्यावर ते होतं. शिल्लक 50,000 च्या वर जाऊ शकत नाही आणि खातं आधी 12 महिन्यांपुरतं असतं. आधार आलं की लगेच जोडून घ्या, कारण पेन्शन थेट आधारजोडणी झालेल्या खात्यात येते.

आता पेन्शन. 18 ते 65 वयाच्या निराधार, विधवा, परित्यक्ता, दिव्यांग आणि दुर्धर आजारी व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. वय 65 च्या पुढे असेल तर श्रावणबाळ योजना. दोन्हींसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत (दिव्यांगांसाठी 50,000) आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य हवं. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतूत द्यायचा. सोबत रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, आधार आणि पासबुक जोडा. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला नसेल तर सरकारी रुग्णालयातून वयाचा दाखला मिळतो. खरी कसोटी 15 वर्षांच्या पुराव्याची. त्यासाठी जुनं रेशनकार्ड, मतदारयादीतलं नाव, रुग्णालयाचे जुने केसपेपर, जे जे सापडेल ते गोळा करा.

मतदारयादीचं काम त्या मानाने सोपं आहे, आणि ते पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडतं. नमुना 6 मध्ये तो माणूस जिथे झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का, हे पाहतो. खात्री पटली की राहण्याच्या पत्त्याचा वेगळा कागद लागत नाही. रेशनकार्डाचं काम तहसीलच्या पुरवठा शाखेत चालतं. अन्नसुरक्षा यादीत नाव लागलं की धान्य मोफत मिळतं.

कुणी मानसिक आजारामुळे भटकत असेल तर मात्र कागदांच्या मागे लागू नका. 112 वर कळवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 100 नुसार पोलिसांनी अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. रत्नागिरीतच प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. वृद्धांसाठी 14567, एकट्या मुलासाठी 1098 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत.

सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच निवाऱ्यात किंवा तुमच्या घरी ठेवा, मूळ कागद त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून द्या. पेन्शन सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की पैसे थांबतात, तेव्हा त्या दिवशी त्याच्याबरोबर तहसीलला जायचं कुणी हे आधीच ठरवून ठेवा.