टसर पतंग

टसर पतंग (अँथेरिया मायलिट्टा) हा सॅटर्निइडी कुळातील मोठा रानपतंग आहे. मध्य आणि पूर्व भारतातील पानझडी जंगलांत तो आढळतो. टसर किंवा कोसा रेशीम त्याच्याच अळीपासून मिळते. तुतीचा रेशीमपतंग माणसाळून उडणेही विसरला. टसर मात्र पाळला जात असूनही रानटीच राहिला आहे, आणि त्याचे खरे वेगळेपण यातच आहे.

पसरलेल्या पंखांची रुंदी पंधरा सेंटिमीटरच्या पुढे जाते. प्रत्येक पंखावर पारदर्शक डोळा असतो. मादी आकाराने मोठी, बहुधा पिवळसर किंवा करडी. नर तांबूस-तपकिरी, त्याच्या मिशा पिसांसारख्या रुंद. मादीचा गंध तो या मिशांनीच टिपतो. प्रौढ पतंगाचे तोंड खाण्याच्या कामाचे नसते. आठवडाभराच्या आयुष्यात मीलन आणि अंडी घालणे एवढेच त्याचे काम; सगळी शिदोरी अळीने साठवलेली असते.

अळी ऐन, अर्जुन आणि साल या झाडांची पाने खाते. चार वेळा कात टाकून ती बोटाहून जाड होते. तिच्या हिरव्या अंगावर चंदेरी ठिपके चमकतात. कोश विणण्यापूर्वी ती फांदीभोवती रेशमाचे कडे घालून त्याला मजबूत देठ विणते आणि मग त्याला टांगून कोश पुरा करते. पाने गळाली तरी कोश झाडावरच राहतो. हिवाळ्यातले कोष उन्हाळाभर सुप्त राहतात आणि पावसाच्या सुरुवातीला त्यांतून पतंग निघतात. एवढे कठीण कवच फोडणे अवघडच. पतंग तोंडातून पाझरणाऱ्या विकराने (एन्झाइमने) एक टोक मऊ करून वाट काढतो.

विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत धीवर समाज पिढ्यान्‌पिढ्या कोसा पाळत आला आहे. अळ्या उघड्या झाडांवर सोडतात, त्यामुळे मुंग्या, गांधीलमाश्या आणि पक्षी यांपासून दिवसभर राखण करावी लागते. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट डहाळ्या तोडून दुसऱ्या झाडावर ठेवतात. उझी ही परजीवी माशी अळीच्या अंगावर अंडी घालते. पेब्रिन हा रोग तर आईकडून अंड्यांत उतरतो, म्हणून बियाण्यासाठी ठेवलेल्या माद्या अंडी घातल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. हे श्रम साडीच्या किमतीत क्वचितच दिसतात.

अखंड धागा काढायचा तर पतंग निघण्याआधीच आतला कोशित, म्हणजे अळी आणि पतंग यांमधली अवस्था, मारावा लागतो. पतंग निघून गेलेल्या कोशाचा धागा तुटलेला असतो. तो उकलत नाही, कातावा लागतो, आणि त्याचे सूत जाडसर निघते.