पार्श्वभूमी : मराठवाड्याच्या शाळेत काव्यप्रकार कोणत्या वाटेने आले

ओवी, अभंग, भारूड, पोवाडा, गझल, सुनीत, मुक्तछंद असे कवितेचे निरनिराळे प्रकार शाळेतल्या मुलांना ओळखता यावेत, ही अपेक्षा आता कोणालाच नवी वाटत नाही. मराठवाड्यात मात्र तिला एक वेगळी बाजू आहे. यांतले कितीतरी प्रकार ज्या गावांत रचले आणि गायले गेले, ती गावे इथल्या मुलांच्या एसटीच्या रस्त्यावर आहेत, आणि तरीही ते प्रकार त्यांच्यापर्यंत पोचतात ते पुण्यात तयार झालेल्या पाठ्यपुस्तकातून, बहुधा परीक्षेच्या तोंडावर. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर कानाची आणि पुस्तकाची अशा दोन वाटा मागे जाऊन पाहाव्या लागतात.

कानाची वाट जुनी आहे. विवेकसिंधु हा ओवीबद्ध ग्रंथ शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मधला मानला जातो आणि परंपरा त्याच्या कर्त्याचे, मुकुंदराजांचे, नाते अंबाजोगाईशी जोडते. ज्ञानेश्वरांच्या घराण्याचे आपेगाव पैठणजवळ आहे, नामदेवांचे जन्मगाव म्हणून सांगितले जाणारे नरसी हिंगोली जिल्ह्यात, जनाबाईंचे गंगाखेड परभणी जिल्ह्यात, गोरोबाकाकांचे तेर धाराशिव जिल्ह्यात आणि रामदासांचे जांब जालना जिल्ह्यात. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी तर ओव्या कागदावर न मावल्यासारख्या एका लांबलचक पासोडीवर लिहून काढल्या; कापडावर उतरलेली ती कविता मुलांना एकदा प्रत्यक्ष दाखवावी, दहा व्याख्यांचे काम ती एकटी करील. पण ग्रंथातल्या ओवीच्याही आधीपासून ओवी जात्यावर होती. पहाटे दळताना बाया जी ओवी म्हणत, तिची लांबी जात्याच्या फेऱ्यावर ठरे, अक्षरांच्या हिशेबावर नव्हे. ग्रंथकारांनी तोच सैलपणा ठेवून तिला चार चरण दिले, पहिल्या तिन्हींचे यमक जुळवले आणि चौथा चरण आखूड ठेवला.

अभंगाचा हिशेब अधिक काटेकोर आहे, आणि गंमत अशी की तो हिशेब अभंगानेच सांगितला आहे. नामदेवांच्या नावावरील एका अभंगात ही ओळ येते : ‘अक्षरांची संख्या बोलिलो उदंड, मेरु सुप्रचंड शर आदि.’ ही ओळ फळ्यावर लिहून मुलांना बोटांवर मोजायला सांगावी. ‘अक्षरांची संख्या’ ही सहा अक्षरे, ‘बोलिलो उदंड’ ही सहा, ‘मेरु सुप्रचंड’ ही पुन्हा सहा आणि ‘शर आदि’ ही चार, एकूण बावीस. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी ‘उदंड’ व ‘सुप्रचंड’ यांचे यमक जुळते आणि चौथा तुकडा यमकाविना, आखूड, हात सोडून दिल्यासारखा थांबतो. पहिल्या तीन चरणांची अठरा अक्षरे आणि शेवटच्या चरणासह बावीस, हे पुढे तोच अभंग सांगतो. नियम सांगणारी ओळ स्वतः तो नियम पाळते, हे सहावी-सातवीच्या मुलाला एकदा दिसले की ‘मोठा अभंग’ ही संज्ञा त्याला पाठ करावी लागत नाही.

एकनाथांच्या भारुडांत छंदापेक्षा सोंगाला महत्त्व आहे. जोशी, गोंधळी, वासुदेव, भुत्या, विंचू चावलेला माणूस अशा रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडून नाथांनी अध्यात्म वदवले, त्यामुळे भारूड वाचायचे नसून उभे राहून करायचे असते. अठराव्या शतकात औरंगाबादच्या अमृतरायांनी कीर्तनात कटाव गाजवला. अनुप्रासांची धावती माळ, एका दमात म्हणायची, ऐकणाऱ्यालाच दम लागावा अशी. मुलांना जिभेचे असले खेळ मनापासून आवडतात, तरी कटाव शाळेत सहसा कोणी म्हणून दाखवत नाही. मला ही मोठी चूक वाटते.

पुस्तकाची वाट मुंबई इलाख्यात सुरू झाली. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी जुन्या कवींच्या वेच्यांचे ‘नवनीत’ १८५४ मध्ये प्रसिद्ध केले आणि तिथल्या मुलांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. वृत्तांची ओळख करून देणारे ‘वृत्तदर्पण’ही त्यांचेच. या परंपरेने मराठी शाळेला लघु-गुरू, म्हणजे आखूड आणि लांब उच्चाराची अक्षरे, आणि गण, म्हणजे अशा तीन-तीन अक्षरांचे गट, दिले. रामदासांच्या ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ या चरणात लघु, गुरू, गुरू असा य-गण चार वेळा येतो, म्हणून ते भुजंगप्रयात वृत्त. ही मोजणी शिकवायला सोपी आणि तपासायला त्याहून सोपी. पुढे माधव जूलियन यांच्या ‘छंदोरचने’ने अक्षरगणांची वृत्ते, मात्रांच्या जाती आणि अक्षरसंख्येचे छंद असा सगळा संसार नीट मांडून ठेवला. दरम्यान केशवसुतांनी १८९२ मध्ये चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले होते, आणि तेही यथावकाश क्रमिक पुस्तकांत गेले.

हे सारे घडत होते तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. औरंगाबादची सरस्वती भुवन (१९१५) किंवा हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा (१९२१) अशा मोजक्या संस्थांनी मराठी शिक्षणाची धग राखली, पण खेड्यातल्या मुलाला मराठी कविता भेटे ती वर्गाबाहेर : जात्यावर, दिंडीत, सप्ताहातल्या कीर्तनात, मारुतीच्या पारावरच्या भारुडात. नवनीतावर वाढलेला पुण्याचा मुलगा कविता डोळ्यांनी वाचायला शिकला, तर मराठवाड्यातला कानाने धरायला. यात कोणाचे अधिक चांगले झाले, हे मी ठरवणार नाही; पण दोघांना कवितेचा प्रकार शिकवण्याची रीत एकच असू शकत नाही, एवढे उघड आहे.

उर्दूच्या या काळाकडे केवळ तोटा म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. गझलेच्या बाबतीत ती सवय आड येते. उर्दू गझलेच्या आरंभीच्या थोर कवींपैकी वली आणि सिराज हे दोघेही औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. मराठीत गझल माधव जूलियन यांनी आणली आणि सुरेश भटांनी ती घराघरांत नेली, नवशिक्यांसाठी तिची बाराखडीही लिहिली, हे खरे आणि शाळेत तेवढेच सांगितले जाते. मतला (गझलेचा पहिला शेर), काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर पुन्हापुन्हा तसाच येणारा शब्द) हे शब्द मुलांना परग्रहावरचे वाटतात. ज्या शहरात ते तीनशे वर्षांपूर्वी मुशायऱ्यांत घोळत होते, त्याच शहरातल्या मुलांनाही. वर्गात दखनी उर्दू बोलणारे एखादे पोर असेल तर काफिया आणि रदीफ यांतला फरक शिक्षकांनी त्याच्याकडून वदवून घ्यावा.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात सामील झाला. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकसारखी पुस्तके आली. बालभारतीच्याच ‘किशोर’ मासिकाने १९७१ पासून पुस्तकाबाहेरची कविताही मुलांच्या हाती दिली. त्याच सुमारास औरंगाबादेतून निघणाऱ्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकातून दलित कविता जोमाने पुढे येत होती, तिने मुक्तछंद हा वृत्त न जमणाऱ्यांचा आसरा नाही, हे दाखवून दिले, पण शाळेच्या पुस्तकात शिरायला तिला बराच वेळ लागला.

एकसारख्या पुस्तकाने मराठवाड्याचे भले केले, यात शंका नाही. अडचण मांडणीत होती. कविता एका पानावर, तिचे वृत्त व्याकरणाच्या भागात आणि तिचा प्रकार कवीच्या परिचयात, अशी तिची तीन ठिकाणी वाटणी झाली. आमच्या वेळी बाईंनी ‘अभंग म्हणजे जो भंगत नाही तो’ एवढी व्याख्या उतरवून घेतली होती आणि वर्गातले अर्धे लोक दर एकादशीला अभंग म्हणत असूनही तो कसा मोजायचा, हे आम्हाला दहावीपर्यंत कळले नाही. २०१८ च्या दहावीच्या कुमारभारतीत नामदेव, एकनाथ आणि रामदास असे मराठवाड्याचे तिघे एकाच पुस्तकात आहेत. नमुने आहेत, रसग्रहणाला गुणही आहेत. ते मोठ्याने म्हणायला तासिका मात्र शिक्षकालाच शोधावी लागते.

अशी एक तासिका मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत पाहिली. सरांनी नामदेवांची ती बावीस अक्षरे मोजून घेतल्यावर मुलांना घरून एकेक ओवी लिहून आणायला सांगितले होते. दुसऱ्या दिवशी एका मुलीने वहीत ‘पहिली माझी ओवी’ असे लिहून आणले, सात अक्षरे मोजली, खालच्या ओळीत नऊ भरली आणि रडवेल्या आवाजात ओवी चुकली म्हणाली. सर म्हणाले, आजी म्हणते तशी म्हण. तिने मान खाली घालून सूर लावला, तेव्हा वहीत नसलेला एक ‘गं’ आपोआप ओळीच्या शेवटी आला. ‘गं’ का लिहिला नाहीस, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘सर, ते लिहायचं नसतंय, नुसतं म्हणायचं असतंय.’