वहीवर कोणतं साल छापायचं?

रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही) किंवा चोपडी (व्यापाऱ्यांची दिवाळीला सुरू होणारी हिशेबाची वही) छापायला देताना तुमचं वर्ष कधी बदलतं ते आधी सांगा. पुठ्ठ्यावरचा आकडा आणि आतली पानं, दोन्ही त्यावर ठरतात.

मराठी घरांत शालिवाहन शक गुढीपाडव्याला बदलतो. १९ मार्च २०२६ला शके १९४८ लागला. गुजराती व्यापाऱ्यांचा विक्रम संवत दिवाळी पाडव्याला बदलतो, म्हणून त्यांचा २०८३ लागतो १० नोव्हेंबर २०२६ला. घोटाळा होतो तो इथेच. उत्तरेकडे हाच विक्रम संवत चैत्रापासून मोजतात, म्हणजे त्यांचा २०८३ मार्चमध्येच लागला. मार्च ते नोव्हेंबर एकाच दिवसाला गुजराती पंचांगात २०८२ आणि हिंदी पंचांगात २०८३. हिंदी पंचांगात चालू साल २०८३ बघून दिवाळीच्या चोपडीसाठी त्याच्या पुढचा आकडा दिला की चोपडीवर एक साल जास्त छापलं जातं, आणि लाल कापडावर चिकटवलेली दुरुस्तीची पट्टी काही केल्या लपत नाही.

आता पानं. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे बारा महिन्यांचे ३५४ दिवस होतात. सूर्याच्या वर्षापेक्षा हे ११ दिवस कमी. ही तूट साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरून भरून काढतात. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून पाडवा २०२५ला ३० मार्चला, २०२६ला १९ मार्चला आणि २०२७ला थेट ७ एप्रिलला. दिवसाला एक पान धरलं तर शके १९४८च्या रोजमेळाला त्यामुळे ३८४ पानं लागतात. संवत २०८३च्या चोपडीला ३५४ पुरतात. नेहमीची ३६५ पानांची वही घेतलीत तर शकाची वही पाडव्याआधीच संपेल. हिजरी सनात अधिक महिना नसतो, म्हणून मोहरम दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो.

सरकारी हिशेब १ एप्रिल ते ३१ मार्च. पूजेची वही आणि कराच्या हिशेबाची वही वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. आणि सरकारी कागदांवरचा शक २२ मार्चला (लीप वर्षी २१ला) बदलतो, पाडव्याला नाही.

शके १९४८च्या संवत्सराचं नाव ‘पराभव’. दुकानाच्या वहीवर ते नको असेल तर ऑर्डरमध्ये तसं लिहा; नुसता आकडा छापू.

पहिलं पान आम्ही कोरं ठेवतो. ओल्या कुंकवाचं स्वस्तिक पुढच्या पानावर उमटतं, तेव्हा पूजेनंतर ते वाळेपर्यंत वही मिटू नका.