नाव इनोव्हाच, गाड्या दोन: जुनी क्रिस्टा घ्यावी की हायक्रॉस?

जर्मनीला जायची तारीख पक्की झाली आणि मी कराडच्या घरची माणसं मोजली. आजी, आई, अण्णा, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं, म्हणजे सात. दारात उभी होती पाच सीटची जुनी हॅचबॅक. लग्नाला निघायचं झालं की दोघंजण एसटीनं पुढे जाणार, हे घरात ठरूनच गेलं होतं. निघण्याआधी सात सीटची सेकंड हँड गाडी घरी आणून ठेवायची, असं मी आणि दादानं ठरवलं. घरच्यांचं मत एकच होतं: टोयोटाची इनोव्हा.

जाहिराती बघायला लागलो आणि तिथेच घोळ झाला. इनोव्हा म्हणून समोर येत होत्या त्या प्रत्यक्षात दोन वेगळ्या गाड्या होत्या, क्रिस्टा आणि हायक्रॉस. सीट दोघींना सात किंवा आठ, लांबीत दोन सेंटिमीटरचा फरक. एक नवी आणि एक जुनी, एवढंच अंतर असेल अशी माझी समजूत होती. ती चूक होती, आणि ही चूक अनेक घरांत होते म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी वंशावळ. क्वालिस बंद करून २००५ साली इनोव्हा आली. तिची पुढची पिढी म्हणजे क्रिस्टा, मे २०१६ ची. हायक्रॉस नोव्हेंबर २०२२ मध्ये दाखवली गेली. तेव्हा लोकांना वाटलं की क्रिस्टा संपली, पण २०२३ मध्ये क्रिस्टा परत आली, फक्त डिझेल आणि फक्त मॅन्युअल गिअरमध्ये. त्यामुळे २०२३ नंतरच्या पासिंगच्या दोन्ही गाड्या बाजारात आहेत. नुसतं साल बघून कोणती ते कळत नाही.

खरा फरक गाडीखाली वाकून बघितल्यावर दिसतो. क्रिस्टाला ट्रकसारखी स्वतंत्र चासी आहे, तिच्यावर बॉडी बसवलेली, आणि इंजिनाची ताकद जाते मागच्या चाकांना. हायक्रॉसला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा, आणि ओढतात पुढची चाकं. वरवर ही फिटरच्या कामाची माहिती वाटेल, पण घरच्या माणसांना जे जे जाणवतं ते सगळं इथूनच निघतं.

आमचा नेहमीचा रस्ता पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि खाली चिपळूण. आईचं माहेर तिकडे. सात माणसं, मागे आंब्याच्या पेट्या आणि पावसानं निसरडा झालेला चढ. चढावर गाडीचा भार मागे जातो. क्रिस्टाची ओढणारी चाकं मागेच असल्यामुळे भार वाढला की त्यांची पकडही वाढते. हायक्रॉसची पुढची चाकं अशा वेळी हलकी होतात. ती घाट चढत नाही असं अजिबात नाही, व्यवस्थित चढते. पण भरल्या गाडीनं चिखलातून किंवा शेताच्या कच्च्या वाटेवरून निघायचं असेल तर क्रिस्टा निर्धास्त वाटते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. चासीमुळे क्रिस्टाची फरशी उंच झाली आहे. आजीला चढताना गुडघा वर घ्यावा लागतो, आणि तिसऱ्या रांगेत बसणाऱ्याची मांडी सीटवरून अधांतरी राहते. खराब रस्त्यावर मागच्या रांगेतलं पोर हमखास उलटी करतं. हायक्रॉसची फरशी खाली आहे, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर दहा सेंटिमीटरनं जास्त आहे (क्रिस्टाचं २७५० मिमी, हायक्रॉसचं २८५०), आणि ही वाढ नेमकी मागच्या दोन रांगांना मिळते. मोठी माणसं तिसऱ्या रांगेत पुण्यापर्यंत नीट बसू शकतात. माझ्या मते आरामात हायक्रॉस पुढे आहे, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

सामानाच्या बाबतीत मात्र दोघी सारख्याच. तिन्ही रांगा उभ्या ठेवून विमानतळावरच्या चार मोठ्या बॅगा डिकीत मावतील अशी आशा ठेवू नका. कुणाला सोडायला सात जण निघाले, तर बॅगा टपावर कॅरिअरला तरी जातील नाहीतर दुसऱ्या गाडीत.

आता दुसरी गफलत, आणि पैशाच्या दृष्टीनं हीच महाग पडते. हायक्रॉस म्हणजे हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी), असं सगळे धरून चालतात. तसं नाही. जी आणि जीएक्स ही व्हेरिएंट साध्या पेट्रोलची आहेत. व्हीएक्स, झेडएक्स आणि झेडएक्स (ओ) हायब्रिड. बाहेरून दोघी बहिणी दिसतात. ओळखायची सोपी खूण अशी: सकाळी गाडी चालू करताना स्वतः बसा. हायब्रिडचं बटण दाबलं की बहुतेक वेळा इंजिनाचा आवाज येत नाही, नुसता ‘रेडी’ असा दिवा लागतो आणि गाडी बॅटरीवर सरकते. आरसीवर इंधनाच्या रकान्यातही बघा. एका एजंटनं आम्हाला फोनवर ‘तेवीसचं ॲव्हरेज देणारी’ म्हणून सांगितलेली गाडी जीएक्स निघाली.

तेवीसचा तो आकडा कंपनीच्या कागदावरचा आहे: हायब्रिड लिटरला २३.२४ किमी, साधी पेट्रोल १६.१३. रस्त्यावर, एसी लावून, घरची माणसं भरून, हायब्रिड १६ ते १८ देते. साधी पेट्रोल गावात दहाच्या आसपास, क्रिस्टा डिझेल हायवेला तेरा-चौदा आणि शहरात दहा.

यावर हिशेब मांडून बघितला. डिझेल ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये धरू. आमच्या घरची गाडी वर्षाला ८,००० किमी फिरेल, तेही बहुतेक मोकळ्या रस्त्यावर. क्रिस्टाचं सरासरी साडेबारा धरलं तर ६४० लिटर, म्हणजे ५७,६०० रुपये. हायब्रिडचं १६ धरलं तर ५०० लिटर, म्हणजे ५२,००० रुपये. वर्षाला फरक ५,६०० रुपयांचा. दोन-तीन वर्षांची हायब्रिड हायक्रॉस आणि सहा-सात वर्षांची क्रिस्टा यांच्या किमतीत लाखांचं अंतर असतं, ते एवढ्याशा बचतीतून भरून निघत नाही. पण हेच ८,००० किमी ठाण्यात सिग्नलला थांबत काढले तर? क्रिस्टा दहानं ७२,००० रुपयांचं डिझेल पिईल, हायब्रिड अठरानं ४६,००० च्या आसपास पेट्रोल. तिथे फरक खरोखर मोठा आहे, कारण थांबत थांबत जाताना हायब्रिड ब्रेकमधून बॅटरी भरून घेते आणि इंजिन बंद ठेवते. म्हणून ठाण्याच्या मावशीला मी हायब्रिडच घ्यायला सांगितली. काकांचे गुडघे दुखतात, आणि क्लच नसल्याचा त्यांना वेगळा फायदा. हायक्रॉस सगळ्याच ऑटोमॅटिक आहेत. क्रिस्टात ऑटोमॅटिक हवी असेल तर २०२३ च्या आधीचीच शोधावी लागेल.

डिझेलमध्येही साल महत्त्वाचं. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर आला. ती काजळी जळून साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग हायवेला तापावी लागते. घर ते बाजार, बाजार ते शाळा, एवढंच रनिंग असेल तर डीपीएफ तुंबतो, दिवा लागतो, आणि तो साफ करायला गॅरेजला जावं लागतं. माणसं परदेशी गेल्यावर मागे राहिलेल्या गाड्यांचं नेमकं असंच होतं. दोन म्हातारी माणसं आणि दिवसाला चार किलोमीटर. अशा घरात बीएस-६ डिझेल घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. त्याआधीच्या नियमांची बीएस-४ क्रिस्टा किंवा पेट्रोल बरी.

उभी राहण्याचा त्रास हायब्रिडलाही आहे. मोठी बॅटरी कितीही चांगली असली तरी गाडी जागी होते ती साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर. ती उतरली की बटण दाबून काहीच होत नाही, आणि गाडी ढकलून चालू करायची सोय नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास ‘रेडी’ दिवा लावून ठेवणारं किंवा फिरवून आणणारं माणूस घरी हवं. आणखी एक गोष्ट गावाकडच्यांसाठी: हायब्रिड बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. मागून ट्रॅक्टर आला, दोर बांधला, असं चालणार नाही, तिला उचलून नेणारी गाडीच लागते. बॅटरीला कंपनीची ८ वर्षं किंवा १,६०,००० किमीची वॉरंटी आहे. घेताना किती शिल्लक आहे ते बघा, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला बॅटरीची तपासणी करून मगच बयाणा द्या.

क्रिस्टा तपासताना भीती वेगळी असते. या गाडीनं देशभर टुरिस्टचा धंदा केला आहे, आणि पिवळी पाटी उतरवून पांढरी केलेल्या गाड्या बाजारात भरपूर आहेत. हे बेकायदेशीर नाही, आरटीओतून रीतसर होतं. पण पाच वर्षांत तीन लाख किलोमीटर पळालेली गाडी ‘घरगुती वापर’ म्हणून विकली जाते हे वाईट. अशा गाडीत मधली रांग बोलते: कॅप्टन सीटचे (सुट्या खुर्च्यांसारख्या सीटचे) हात, मागच्या एसीची बटणं, दाराचं हँडल झिजून गुळगुळीत झालेलं असतं. बाजूला रिफ्लेक्टर पट्टी काढल्याचे डाग असतात. टुरिस्ट गाड्यांना ताशी ८० किमीवर वेग अडवणारा स्पीड गव्हर्नर लागतो, तो कधीकधी तसाच राहिलेला सापडतो. टेस्ट ड्राइव्हला हायवेवर घेऊन जा, कळेल. किनारपट्टीवर वापरलेली क्रिस्टा असेल तर चासीचा गंज टॉर्चच्या उजेडात बघा, आणि टायरवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटरवर चाळीस हजार आणि टायर तिसऱ्यांदा बदललेले, असं आम्ही एकदा पाहिलं. नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जुनी नोंद विचारली तर खरं रनिंग समजतं. ती नोंद विचारू द्यायला विकणारा तयार नसेल तर तिथून उठावं.

एअरबॅगचंही एक. क्रिस्टाच्या खालच्या व्हेरिएंटना तीन आणि झेडएक्सला सात आहेत. सात माणसांची गाडी घेताना हे विचारून घ्या.

दिल्लीहून आलेल्या क्रिस्टा स्वस्त का दिसतात तेही सांगते. दिल्ली परिसरात २०२५ पर्यंत दहा वर्षांवरच्या सगळ्याच डिझेल गाड्यांवर बंदी होती, म्हणून त्या दक्षिणेकडे येऊ लागल्या. महाराष्ट्रात ही दहा वर्षांची अट नाही. पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रस्ता कर आणि नवीन नंबर हे सगळं तुमच्या गळ्यात, आणि ते तुमच्या विमानाच्या तारखेआधी पुरं होईलच असं नाही. जाणाऱ्या माणसानं परराज्यातली गाडी घेऊ नये.

गाडी कुणाच्या नावावर, हा प्रश्न आमच्याकडे भावनेचा झाला. पैसे मी घालणार म्हणून अण्णांचा आग्रह होता की नाव माझं. मी नको म्हटलं. आरटीओची ऑनलाइन कामं आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीवर चालतात, आणि परदेशी गेलेल्या माणसाचं इथलं सिम कधी बंद पडेल सांगता येत नाही. उद्या गाडी विकायची झाली तर सहीसाठी माझी वाट बघणार का? शिवाय विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं, ते मालकाकडे चालू लायसन असेल तरच लागू होतं. अण्णांचं लायसन संपलेलं. म्हणून नाव दादाचं. जुन्या मालकाचा विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा, आणि त्याचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. तुम्ही स्वतःची गाडी विकून जात असाल तर तुमच्या बोनसचं पत्र विमा कंपनीकडून घेऊन ठेवा, ते तीन वर्षं चालतं. आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

मनातून मला हायक्रॉस आवडली होती. चालवायला शांत, आत बसायला सुंदर. पण ती मी माझ्या वर्षातून एकदाच्या सुट्टीसाठी निवडत होते. रोज चालवणार दादा, दुरुस्त करणार आमच्या गल्लीतला फिटर, आणि घाटात अडकली तर ओढणार शेजारचा ट्रॅक्टर. आम्ही २०१८ ची बीएस-४ क्रिस्टा घेतली, मॅन्युअल, पहिल्या मालकाची, आठ सीटची. मधल्या रांगेत आजीला आडवं होता यावं म्हणून कॅप्टन सीट नको म्हटलं. उंचीचा त्रास आहेच. त्यासाठी दादानं दोन्ही बाजूंना लोखंडी पायदान लावून घेतलं. आजी उजवा पाय त्यावर ठेवते, खांबाची मूठ धरते, आणि वहिनी मागून आधार देते.