मोतीबिंदू निघाला, नंबर किती उरला?

डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलेल्या जगातल्या पहिल्या रुग्णाचा नंबर तपासला तेव्हा तो उणे १८च्या घरात निघाला, वर ६चा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा जादा नंबर. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात १९४९-५०च्या हिवाळ्यात हॅरल्ड रिडली यांनी हे ऑपरेशन केलं होतं. लढाऊ विमानांच्या छताचे, म्हणजे पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यात घुसले तरी डोळा त्यांच्यावर फारसा चिडत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग. ते डोळ्यात राहिलंही. फसला तो हिशोब. रिडलींनी नैसर्गिक भिंगाचा आकार जवळजवळ तसाच उचलला होता, पण पर्स्पेक्स प्रकाशाला त्याहून कितीतरी जास्त वाकवतं. मोतीबिंदू काढून भिंग न बसवलेल्या डोळ्याला त्या काळी अधिक १० किंवा १२चा जाडजूड चष्मा लागायचा. या डोळ्याने थेट दुसरं टोक गाठलं.

ऑपरेशनच्या टेबलावर हे कोणालाही कळलं नसतं. ते कळलं नंतर नंबर काढल्यावर. आजही तसंच आहे, फक्त चूक अठराची न राहता अर्ध्या-पाऊण डायॉप्टरची उरलीय (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद आणि चष्म्याचा नंबर मोजायचं एकक). आणि तिथेच गंमत आहे, कारण इतकी बारीक चूक पकडायची तर मोजमापही तितकंच बारीक हवं.

आधी हिशोब पाहू. डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर. त्यातली ४३च्या आसपास पुढच्या पारदर्शक पडद्याची, पारपटलाची. उरलेलं काम भिंगाचं. मोतीबिंदूत गढूळ होतं ते हेच भिंग. ते काढून कृत्रिम बसवायचं, तर किती ताकदीचं? १९८०च्या सुमारास सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी दिलेलं सूत्र इतकं सोपं होतं की पाकिटाच्या पाठीवर सोडवावं. डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये घ्या, २.५ने गुणा. पारपटलाची ताकद ०.९ने गुणा. दोन्ही गुणाकार एका ठरलेल्या आकड्यातून वजा करा. हा आकडा ११८ धरला, लांबी २३.५ आणि पारपटल ४३.५, तर उत्तर येतं २०.१. म्हणजे वीसचं भिंग.

पण हे ११८ आलं कुठून? ते कुठल्या सिद्धांतातून पडलेलं नाही. अनेक डोळ्यांवर ऑपरेशन झाल्यावर जे नंबर उरले, त्यांच्यावरून उलट मागे जाऊन ते काढलं. सूत्र आता मागे पडलंय, नवी सूत्रं भिंग डोळ्यात नेमकं किती खोल बसेल याचाही अंदाज बांधतात. तरी भिंगाच्या प्रत्येक मॉडेलसाठी एक स्थिरांक लागतोच, आणि तो अजूनही असाच, ऑपरेशननंतरच्या नंबरांवरून घासूनपुसून घेतात. तुमच्या फाइलमध्ये लिहिलेला ‘उणे ०.५०’ पुढच्या कोणाच्या तरी भिंगाच्या हिशोबात जाऊ शकतो.

म्हणूनच मला स्वेर्कर नॉर्बी या संशोधकांचं २००८ सालचं विश्लेषण फार महत्त्वाचं वाटतं. भिंगाच्या ताकदीचा अंदाज चुकतो तो कशाकशामुळे, याची त्यांनी वाटणी केली. सगळ्यात मोठं कारण अपेक्षितच होतं: भिंग नेमकं कुठे बसेल याचा अंदाज, ३५ टक्के. डोळ्याची लांबी मोजण्यातली चूक १७ टक्के. या दोहोंच्या मध्ये, २७ टक्के घेऊन बसलाय तो ऑपरेशननंतर नंबर काढण्यातलाच घोळ. थोडक्यात, ज्या पट्टीने आपण शस्त्रक्रियेची पारख करतो ती पट्टीच थोडी लवचीक आहे.

ती का लवचीक, हे तपासणीच्या खोलीत बसल्याशिवाय कळत नाही. खोलीत अंधार केलेला. तपासणारा हातभर अंतरावरून रेटिनोस्कोपची उजेडाची उभी रेघ बाहुलीवरून हळूच सरकवतो. आत केशरी उजळ पट्टा दिसतो. तो रेघेबरोबर त्याच दिशेला सरकला तर अधिकचं भिंग लावायचं, उलट दिशेला पळाला तर उण्याचं. भिंगं बदलत जावं, पट्टा रुंद होत जातो, वेग घेतो, आणि एका क्षणी सरकणं थांबून सगळी बाहुली एकदम उजळते. तो आपला आकडा. त्यातून हातभर अंतराचे, म्हणजे ६७ सेंटिमीटरचे, १.५ डायॉप्टर वजा करायचे. अधिक १वर पट्टा थांबला असेल तर खरा नंबर उणे ०.५०. मोतीबिंदू असताना याच डोळ्यात मळकट सावली दिसायची, पट्टा शोधावा लागायचा. नवं भिंग बसल्यावर तो लख्ख दिसतो, पण कृत्रिम भिंगाचा सपाट पृष्ठभाग आरशासारखा चमकून मध्येच डोळ्यात उजेड मारतो. थोडं तिरकं होऊन ती चमक चुकवायची, आणि फार तिरकं झालं की खोटा सिलिंडर दिसायला लागतो.

यंत्र, म्हणजे ज्याला सगळे ‘कॉम्प्युटरवर डोळे तपासणं’ म्हणतात ते, हेच काम अवरक्त (इन्फ्रारेड), म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या प्रकाशाने काही सेकंदांत करतं. साध्या, एकाच अंतरासाठीच्या भिंगाला ते चांगलं चालतं. मात्र दूरचं आणि जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या भिंगांत प्रकाश मुद्दाम वाटून दिलेला असतो. त्यातही काही भिंगांवरच्या बारीक वर्तुळाकार पायऱ्या दृश्य प्रकाशासाठी आखलेल्या असतात आणि यंत्र तर अवरक्तावर चालतं. अशा डोळ्यात यंत्र अनेकदा नसलेला मायनस दाखवतं. लांबचं स्वच्छ वाचणाऱ्या माणसाच्या हातात उणे एकची चिठ्ठी पडते, आणि मग तो माणूस उगाच घाबरतो.

शेवटचा शब्द माणसाचाच. ट्रायल फ्रेम, म्हणजे भिंगं बदलता येणारी तपासणीची चौकट नाकावर, एक डोळा झाकलेला, समोर अक्षरांचा तक्ता.

‘हे बरं दिसतं, की हे?’

‘परत दाखवा.’

‘हे... की हे?’

‘दोन्ही सारखंच.’

हे उत्तर देताना लोकांना अपराधी वाटतं, जणू परीक्षेत नापास झालो. तसं काही नसतं. उतारवयात बाहुली लहान असते, आणि लहान छिद्रातून पाव डायॉप्टर इकडे-तिकडे झालं तरी चित्र तितकंच स्पष्ट पडतं. दोन-तीन भिंगं खरोखरच सारखी दिसतात. मग त्यातलं कोणतं लिहायचं हे तपासणाऱ्याच्या सवयीवर ठरतं, आणि वरच्या २७ टक्क्यांतला बराच भाग इथेच मुरतो, असं मला वाटतं. अशा वेळी लाल-हिरवा तक्ता मदतीला येतो. डोळ्यात हिरवा प्रकाश लालच्या जरा आधी एकवटतो. लाल भागातली अक्षरं ठळक दिसत असतील तर प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) पुढे पडतेय, थोडा मायनस वाढवा. दोन्ही सारखी दिसली की थांबा.

तरुण डोळ्याचा नंबर काढताना एक जुनी कटकट असते: डोळ्यातलं भिंग फुगून मायनसची भरपाई करतं आणि तपासणाऱ्याला चकवतं. कृत्रिम भिंग फुगत नाही, त्यामुळे ही कटकट मिटते. बदल्यात वेगळी काळजी घ्यावी लागते. तक्ता ४ मीटरवर असेल तर नंबर ४ मीटरचा निघतो, दूरच्या डोंगराचा नाही. फरक पाव डायॉप्टरचा. ६ मीटरवर तो साधारण ०.१७ उरतो. चष्म्यासाठी हे नगण्य. पण हजारो डोळ्यांची सरासरी काढून स्थिरांक ठरवायचा असेल तर प्रत्येकात तीच पाव डायॉप्टरची चूक एकाच बाजूला साचते.

आता सगळ्यांचा प्रश्न: चष्मा कधी? पट्टी काढल्यावर दुसऱ्याच दिवशी यंत्राने दिलेला आकडा घेऊन चष्मा करायला धावू नये. पारपटलाला तेव्हा किंचित सूज असते, छेदाच्या कडा पाण्याने फुगवून बंद केलेल्या असतात. छेद जिथे असतो त्या दिशेला पारपटल थोडं सपाट होतं. आजच्या लहान, अडीचेक मिलिमीटरच्या छेदात हा परिणाम कमी. ६-७ मिलिमीटरच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनात जास्त. पूर्वीच्या टाक्यांच्या ऑपरेशनात टाका उलट पारपटलाला आवळायचा आणि तो काढल्यावर सिलिंडर बदलायचा. शिवाय भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात ती पुढच्या काही आठवड्यांत आक्रसते आणि भिंगाला थोडं पुढे-मागे सरकवते. सर्वसाधारण डोळ्यात भिंग १ मिलिमीटर सरकलं तर नंबर १.५ डायॉप्टरने हलतो. प्रत्यक्षात ते याच्या छोट्या अंशानेच सरकतं, पण पाव-अर्धा डायॉप्टर त्यात निघून जातो. म्हणून कायमचा चष्मा सहसा चार ते सहा आठवड्यांनी.

तेव्हाही नंबर जुळून अक्षरं धूसर राहिली तर तपासणारा बारीक छिद्राची चकती डोळ्यापुढे धरतो. छिद्रातून स्पष्ट दिसलं तर अजून नंबरातच काहीतरी राहिलंय. नाही दिसलं तर भिंगं बदलत बसण्यात अर्थ नाही, आतला पडदा पाहायचा. ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी त्याच्या मध्यभागी सूज येऊ शकते. सिलिंडर घालवणारं टोरिक भिंग बसवलं असेल आणि सिलिंडर अनपेक्षित निघाला, तर बाहुली मोठी करून भिंगावरच्या खुणा बघायच्या. ते एक अंश फिरलं की सुमारे ३.३ टक्के परिणाम जातो, ३० अंश फिरलं की सगळाच.

आणि थोडाफार नंबर तर उरणारच. भिंगं अर्ध्या-अर्ध्या डायॉप्टरच्या पायऱ्यांनी मिळतात, म्हणजे चष्म्याच्या जागी सुमारे ०.३५ची पायरी. नेमकं २०.१चं भिंग मिळत नाही, २० घ्यावं लागतं.

या उरलेल्या नंबराचा एक उपयोग मात्र लगेच होतो. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन बाकी असेल तर पहिल्या डोळ्यात अंदाज किती आणि कुठल्या बाजूला चुकला हे पाहून दुसऱ्याचं भिंग ठरवता येतं. चूक मोठी असेल तर साधारण तिच्या निम्मीच दुरुस्ती करतात, कारण उरलेली निम्मी त्या डोळ्याची नसून मोजण्याची असू शकते. त्यामुळे पहिल्या डोळ्याची तपासणी घाईत उरकली तर दुसऱ्याच्या हिशोबात तीच घाई उतरते. तपासणारा तिसऱ्यांदा ‘डोळा मिचकावा, आता परत शेवटची ओळ वाचा’ म्हणाला, तर वाचून टाका.