हवाई अंतर व उड्डाणकाल (सांगली–दिल्ली)

दोन ठिकाणांमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर, आणि विमानाला तेथवर पोहोचण्यास लागणारा वेळ म्हणजे उड्डाणकाल. पृथ्वी गोल असल्यामुळे हे अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून अचूक मिळत नाही. दोन्ही ठिकाणांतून व पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलामुळे पृष्ठभागावर जे बृहद्‌वृत्त उमटते, त्याच्या लहान कंसाची लांबी काढावी लागते. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरल्यास या वृत्तावरचा एक अंश सुमारे १११ किमी भरतो.

सांगली १६.८५° आणि दिल्ली सुमारे २८.६° उत्तर अक्षांशावर आहे. रेखांशांतला फरक अडीच अंशांहून थोडाच अधिक असल्यामुळे हे अंतर बहुतांशी दक्षिणोत्तर पडते व सुमारे १,३३५ किमी येते. सांगलीच्या प्रवाशाला मात्र या आकड्याचा थेट उपयोग नाही. कवलापूरच्या जुन्या धावपट्टीवरून प्रवासी वाहतूक होत नाही, त्यामुळे प्रवासाची सुरुवात कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडी विमानतळावरून किंवा पुण्याच्या लोहगावहून करावी लागते. उजळाईवाडी जवळ असली, तरी तेथून बेंगळूरमार्गे दिल्ली गाठायची म्हटल्यास आधी उलट दक्षिणेकडे जावे लागते आणि एकूण हवाई अंतर २,२०० किमीच्या वर जाते. जवळचा विमानतळ म्हणजे जवळचा मार्ग, ही समजूत येथे टिकत नाही.

लोहगाव ते दिल्ली विमानतळ हे हवाई अंतर सुमारे १,१६० किमी आहे. जेट विमान उंचीवर स्थिरावल्यावर ताशी ८०० ते ९०० किमी वेगाने जाते. त्या हिशेबाने दीड तासही लागू नये, परंतु वेळापत्रकात सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिलेली असते. हा फरक विमान जमिनीवर धावपट्टीपर्यंत नेण्यात, चढण्या-उतरण्यातल्या कमी वेगात, ठरावीक हवाई मार्गांच्या वळणांत आणि दिल्लीसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरण्यासाठी थांबण्यात जातो.

वाऱ्याचा परिणाम पूर्व-पश्चिम मार्गांवर अधिक जाणवतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार उच्चस्तरीय वारे वाहतात, त्यामुळे पुण्याहून कोलकात्याकडे जाताना विमानाला त्यांची साथ मिळते आणि परतीला तेच वारे आडवे येतात.

उड्डाणकाल हा एकूण प्रवासकालाचा केवळ एक भाग आहे, हे सांगलीच्या बाबतीत विशेष ध्यानात घेतले पाहिजे. सांगली ते पुणे हा सुमारे २३५ किमीचा रस्ता पेठ नाका, कराड, सातारा असा चार ते पाच तासांचा आहे. विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे आणि दिल्लीत सामान घेऊन बाहेर पडणे धरले, तर सव्वादोन तासांच्या उड्डाणासाठी घरापासून साधारण दहा तास मोडतात. विटा, खानापूर व आटपाडी भागातल्या कुटुंबांना हा हिशेब नवा नाही. सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या गलाई व्यवसायामुळे त्यांची माणसे देशभरातल्या दूरदूरच्या शहरांत राहतात. सांगलीहून थेट दिल्लीकडे जाणाऱ्या गोवा एक्सप्रेसला एका दिवसाहून अधिक वेळ लागतो, पण तीत सांगलीला बसून वाटेत कोठेही गाडी बदलावी लागत नाही.